मुद्दाम न केलेलं नुकसान इंग्लंडमध्ये गुन्हा ठरतं का?

तुमचा भाचा लीड्सला शिकतो, रस्त्यावर क्रिकेट खेळताना त्याच्या फटक्याने शेजाऱ्याच्या गाडीची काच फुटली आणि शेजारी आता ‘क्रिमिनल डॅमेज’ची, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करण्याच्या गुन्ह्याची, तक्रार करतो म्हणतोय. मुद्दाम केलं नाही, तरी गुन्हा होतो का, असं तुम्ही विचारलंय.

होऊ शकतो. नुसता निष्काळजीपणा असेल तर मात्र नाही. त्याची फक्त भरपाई द्यावी लागते. तिथल्या १९७१च्या कायद्याला नुकसान करण्याचा हेतू तरी लागतो, नाहीतर बेपर्वाई. सगळं भांडण या बेपर्वाईवरच होतं.

मी तिथे काही वर्षं फौजदारी कामं केली. तेव्हा न्यूपोर्ट पॅग्नेल या इंग्लंडमधल्या गावच्या दोन पोरांचा खटला हटकून निघायचा. ऑगस्ट २०००. एक अकरा वर्षांचा, एक बारा. घरी न सांगता रात्री बाहेर पडलेले. एका दुकानाच्या मागच्या अंगणात त्यांना वर्तमानपत्रांचे गठ्ठे दिसले. लायटरने काही कागद पेटवले, कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्याखाली टाकले आणि निघून गेले. कागद फरशीवर आपोआप विझतील, असा त्यांचा हिशोब. डबा पेटला, मग शेजारचा डबा, मग दुकानाचं छप्पर. नुकसान सुमारे दहा लाख पौंड!

तेव्हा १९८१च्या कॉल्डवेल निकालाची फूटपट्टी चालू होती: धोका एखाद्या समंजस माणसाला उघड दिसला असता ना, मग आरोपीच्या डोक्यात तो आला नसला तरी तो बेपर्वाच. हा समंजस माणूस म्हणजे मोठा माणूस. आरोपीचं वय बघायचंच नाही. पोरं दोषी ठरली. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ती फूटपट्टीच मोडली आणि पोरं सुटली. माझ्या मते फार उशिरा सुचलेलं शहाणपण. आता आरोपीला स्वतःला धोका कळला होता का, आणि कळूनही तो पत्करणं गैरवाजवी होतं का, हे बघतात. (दारूच्या नशेत कळलं नाही, ही सबब चालत नाही.) आपल्याकडची ‘आगळीक’, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४, हीसुद्धा हेतू किंवा जाणीव विचारते.

भाच्याचं काय? “अरे, गाडीला लागेल” असं कोणी म्हणालं आणि याने “लागू दे” म्हणत बॅट फिरवली असेल, तर अवघड आहे. तसं काही नसेल तर “डोक्यातच आलं नाही” हे उत्तर कायद्याने पुरतं. पण दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतील, तर न्यायालयाला ते पटायला हवं.

काचेचे पैसे आजच देऊ करा. पोलिसांनी जबाबाला बोलावलं तर ठाण्यात वकील फुकट मिळतो, तो आल्याशिवाय बोलू नये. आणि शेजाऱ्याला माफीचा व्हॉट्सअ‍ॅप पाठवण्याआधी भाच्याला मला एकदा फोन करायला सांगा. “लागेल असं वाटलंच होतं, सॉरी” असं भाबडेपणाने लिहिणारी पोरं मी पाहिली आहेत.