धंदा बुडाल्यावर घरात पुन्हा धंद्याचे नाव

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना होता. सुताचे भाव चढले, एका व्यापाऱ्याकडे मोठी रक्कम अडकली आणि तीन वर्षांपूर्वी यंत्रमाग विकावे लागले. देणी फिटली आहेत. आता गणवेश शिवून घेण्याचे काम सुरू करावे असे मनात आहे. पण वडील धंद्याचे नावही काढू देत नाहीत आणि थोरले बंधू जामीन राहण्यास नकार देतात. आपल्या समाजात अपयशाला क्षमाच नाही का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘देणी फिटली आहेत’ हे आपण ओझरते लिहिले आहे, मला मात्र पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच वाटते. ‘दिवाळखोर’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो हे खरे. परंतु त्यामागे निव्वळ भित्रेपणा नाही. वडिलांचे कर्ज फेडणे हे हिंदू कायद्यात पुत्राचे धर्मकर्तव्य मानले जात असे आणि केवळ त्या आधारावर मुलाकडून वसुली करण्याची वाट, तीही नव्या कर्जांपुरती, 2005 च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीने बंद झाली. एकाचे बुडणे साऱ्या घराचे बुडणे, ही समजूत अशी कायद्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेली आहे.

वडिलांना नोकरी सुरक्षित वाटत असेल, तर 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलसह सोलापूरच्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा उघड्यावर आले ते पगारदारच होते. (हे त्यांना ऐकवू नका, वाद वाढेल.)

बंधूंचा नकार मात्र मला रास्त वाटतो. 1872 च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि बँक थेट त्याच्याकडेही वसुलीला जाऊ शकते. तेव्हा जामीन मागूच नका. लघुउद्योगांसाठी सरकारी पतहमी योजना आहे; तीत तारण किंवा तिसऱ्याचा जामीन न घेता कर्ज मिळू शकते, त्याची बँकेत चौकशी करा. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचे देणे हे मालकाचे स्वतःचेच देणे असते; 2008 च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारीत तसे नसते, मात्र वैयक्तिक हमीवर सही केलीत की ते संरक्षण त्या कर्जापुरते संपले.

गणवेशाचा हंगाम जूनपूर्वीचा, म्हणजे कापड आणि मजुरी आधी व वसुली नंतर. मागच्या खेपेला उधारीनेच घात केला होता, म्हणून आगाऊ रक्कम न देणारी मागणी सोडून द्या. वडिलांसमोर बसताना किती रक्कम गेली की थांबणार, तो आकडा कागदावर लिहून न्या आणि घराची कागदपत्रे त्यांच्याच कपाटात राहतील, हे पहिल्या वाक्यात सांगा.