विकलेल्या जमिनीची आठवण आता पुरे

प्रश्न : मुलगा दोनदा नीटला बसला. लातूरच्या क्लाससाठी एक एकर विकलं. याही वेळी सरकारी कॉलेज मिळेल एवढे गुण नाहीत. आता म्हणतो, वनशास्त्र करायचं आणि वर्षावनं वाचवण्यासाठी देशादेशांत करार होतात त्यात काम करायचं. आमच्या शिवारात बाभळी-लिंबाशिवाय झाड नाही. ब्राझीलचं जंगल वाचवायला आपला पोरगा कशाला? ती सरकारांची कामं. पुस्तक हातात घेतलं की मी त्याला विकलेल्या जमिनीची आठवण करून देतो. हल्ली तो जेवतानाही बोलत नाही. त्याला समजावून सांगा.
– एक पालक, जि. हिंगोली

उत्तर : नमस्कार. मला गुणांची काळजी वाटली नाही, तुमच्या शेवटच्या वाक्यांची वाटली. जमीन विकायचं तुम्ही ठरवलंत, मायेपोटीच ठरवलंत. पण ते कर्ज पोराच्या नावावर कसं चढलं? पुस्तक उघडलं की समोर तो एकर उभा राहत असेल, तर अभ्यास व्हायचा कसा? आणि गप्प झालेला मुलगा म्हणजे शहाणा झालेला मुलगा नव्हे. त्याला समजावण्याआधी त्याचं ऐका. तो तुमच्याशी बोलत नसेल तर मामाशी, बहिणीशी बोलू द्या, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर. हे आजच करा, प्रवेशाचं नंतर बघू.

'ती सरकारांची कामं' हा मात्र गैरसमज आहे. सह्या मंत्री करतात, पैसा मोजमापावर मिळतो. २००८ मध्ये नॉर्वेने अ‍ॅमेझॉनचं जंगल वाचवण्यासाठीच्या ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन निधीला एक अब्ज डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं. अट एकच, जंगलतोड घटलेली दिसली पाहिजे. ती दिसते ब्राझीलच्या अंतराळ संस्थेच्या उपग्रह-मोजणीत, जी १९८८ पासून दरवर्षी होते. २०१९ मध्ये निधी गोठला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या हवामान परिषदेत उभ्या जंगलाला हेक्टरी मोबदला देणारा निधी जाहीर झाला, तोही जंगल शाबूत असल्याचं तपासूनच पैसे देणार. वरून काढलेल्या चित्रावर पडताळणी थांबत नाही. कुणीतरी चिखलात उभं राहून छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळतं, घेर वहीत लिहितं, त्यावरून झाडाचं वजन काढतं. वाळलेल्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, झाड तोडून जाळलं तर हवेत जाणारा. तोच हिशेब पुढे देशांच्या वाटाघाटीत टेबलावर येतो. आपल्याकडे देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था हे काम करते. म्हणजे तुमच्या मुलाला हवं ते काम अस्तित्वात आहे, आणि ते शिकायला ब्राझीलला जावं लागत नाही.

शिवारात जंगल नाही म्हणता, पण २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा हा पोरगा शाळेत होता. टंचाईत वाढलेल्याला जंगल आणि पावसाची काळजी वाटली, यात नवल काय?

दापोली आणि अकोल्याला वनशास्त्राची पदवी आहे. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करून पुढे उपग्रह-चित्रांचं शिक्षणही घेता येतं, आणि भारतीय वन सेवेची परीक्षा यूपीएससी घेते. स्पष्ट सांगतो, यात डॉक्टरकीसारखा पैसा नाही. सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या असतात, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. हे मुलालाही माहीत हवं. परिषदांचे फोटो पाहून कुणी या वाटेला जाऊ नये.

म्हणून तिसऱ्यांदा नीटच्या क्लासची फी भरण्याआधी एक करा. किनवटच्या वन कार्यालयात रीतसर विचारून त्याला आठवडाभर त्या सागवानी रानात वनरक्षकांसोबत फिरू द्या, पायी आणि उन्हात. परत येऊन तो नको म्हणाला तर मला पुन्हा लिहा. वनशास्त्रच म्हणाला तर अर्ज भरायला तुम्ही सोबत जा.