हप्त्यावर नवा प्लेयर की जुन्याला नवी सुई?

प्रश्न : वय 41, हातात पगार 78,000, गृहकर्जाचा हप्ता धरून महिन्याचा खर्च 60,000. बचत खात्यात 45,000. पाच वर्षं ऑडिओ-टेक्निकाचा एलपी120एक्स रेकॉर्ड प्लेयर वापरतोय. हल्ली 'स', 'श' फरफरतात, तबकडीच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्याला तर जास्तच. वडिलांच्या नाट्यपदांच्या 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्याही त्यावरच लावतो. 58,000चा नवा प्लेयर 'नो कॉस्ट' हप्त्यांवर घेऊ का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तूर्तास नको. मला प्लेयरपेक्षा ते 45,000 खटकले. नोकरीत खंड पडला तर ही शिल्लक जेमतेम तीन आठवडे पुरेल, आणि त्यावर तुम्ही वर्षभर 4,833चा हप्ता चढवताय. 'नो कॉस्ट'मध्ये व्याजाइतकी सूट आधी मिळते खरी, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपल्याच माथी येतो. दर 15 टक्के धरला तर साधारण 800 रुपये, वर प्रोसेसिंग फी. रोखीवर घासाघीस करायची सोय जाते ती वेगळीच.

आता आवाज. (हे माझं क्षेत्र नाही, व्यसन आहे.) माझा संशय सुईवर आहे. 78च्या तबकडीची खाच रुंद असते, एलपीची (नंतरच्या लाँग-प्ले तबकड्यांची) बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते. शिवाय लाखेच्या त्या तबकड्यांत दगडाची भुकटी मिसळलेली असते. हीच सवय राहिली तर 58,000च्या प्लेयरची सुईसुद्धा अशीच झिजेल.

आधी फुकटचं करा. प्लेयर समपातळीत आहे का बघा, स्पीकर त्याच टेबलावर असतील तर हलवा. अँटी-स्केट (आर्म, म्हणजे सुईचा दांडा, आत ओढला जाऊ नये म्हणून असलेलं बटण) शून्यावर ठेवून मागचं वजन असं फिरवा की आर्म अधांतरी तरंगेल. मग वजनावरची आकड्यांची डायल शून्यावर आणून वजन 2 ग्रॅमवर न्या, अँटी-स्केटही 2. प्लेयरसोबत आलेलं व्हीएम95ई कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) असेल तर हाच आकडा. तबकडी जपायची म्हणून लोक वजन कमी ठेवतात, पण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि नेमकं तेच नुकसान करते. खातरजमेला छोटा डिजिटल काटा काही शेकड्यांत मिळतो. शेवटच्या गाण्याची फरफर कार्ट्रिज तिरकं बसल्यानेही होते. कागदी प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन तपासायची आखणी) छापून ते तपासा.

तरीही फरफर राहिली तर सुई बदला. अख्खं कार्ट्रिज नको, सुईचा भाग ओढून काढता येतो. त्याच मालिकेतली 78साठीची जाड सुईही तिथेच बसते, फक्त तिला वजन जास्त लागतं. ती येईपर्यंत नाट्यपदं बंद. आणि लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.

हा खर्च पगारातून निघेल. सुई झाली की पुढच्या महिन्यापासून 4,833चं रिकरिंग सुरू करा. बारा महिन्यांनी 58,000 रोख असतील. तेव्हा ते अडीअडचणीसाठी ठेवायचे की प्लेयरला, हे जुन्याचा आवाज ऐकून ठरवू.