समुद्री टाकीत नायट्रेट-फॉस्फेट शून्य असूनही वाळूवर तपकिरी थर परत परत का येतो?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: खाऱ्या पाण्याची टाकी काही महिन्यांचीच आहे आणि ती कोरडे दगड घालून सुरू केली. वाळूवर तपकिरी, बुळबुळीत थर आहे आणि त्यात बुडबुडे अडकलेले दिसतात. दर आठवड्याला तुम्ही वाळू सायफन करून पाणी बदलता, फॉस्फेट शोषणारं माध्यमही लावलंय. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येतात, तरी थर दोन दिवसांत परत येतो. आणि आता गोगलगायी मरायला लागल्या आहेत.

हे वाचून माझा पहिला संशय डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या सूक्ष्म एकपेशीय जीवांवर जातो. तसं असेल तर पाणी बदलणं आणि ते माध्यम, दोन्ही आधी थांबवावी लागतील. पण खात्री केल्याशिवाय काहीच करू नका. वाळूवर तपकिरी दिसणाऱ्या गोष्टी निदान तीन आहेत: डायटम (कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ), सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर जगणारे जीवाणू, थोडक्यात सायनो) आणि हे डायनो. यातल्या एकाचा इलाज दुसऱ्याला पोसतो.

शेवाळ आलं की खाणं कमी करा, पाणी बदला, पोषक द्रव्यं उतरवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. हिरव्या केसाळ शेवाळाला तो लागूही पडतो. डायनोंचं मात्र उलटं आहे. नायट्रेट-फॉस्फेट संपले की वाळूवर जागा धरून बसलेले जीवाणू आणि साधी शेवाळं उपाशी पडतात. डायनोंच्या बऱ्याच जाती प्रकाशावर जगतातच, शिवाय जीवाणूंसारखे बारीक जीव गिळूनही भागवतात. त्यामुळे मोकळी झालेली सगळी वाळू त्यांना मिळते. कोरड्या दगडांवर सुरू केलेल्या टाकीत मुळात स्पर्धकच कमी असतात, म्हणून तिथे हा त्रास जास्त दिसतो. तुम्ही इतकी मेहनत घेताय, आणि त्या मेहनतीमुळेच थराला बळ मिळतंय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ओळख घरच्या घरी पटते. थोडा थर टाकीच्याच पाण्यासकट छोट्या बरणीत घ्या, झाकण लावून जोरात हलवा, मग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा. खाली आलेलं पाणी स्वच्छ दिसेल. ते तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा तपकिरी धागे किंवा गोळे जमले, तर डायनो. एकेकट्या पेशी कागदातून निसटतात आणि उजेडात परत एकत्र येतात. डायटम आणि सायनो असं करत नाहीत.

यापुढे मायक्रोस्कोप लागतो. साधा, 400 पट मोठं दाखवणारा पुरतो. हा खर्च औषधांच्या बाटल्यांआधी करा, कारण डायनोंची जात कळली की इलाज बदलतो. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा असतो, निमुळत्या टोकाशी जणू खिळ्याला बांधलेला असावा तसा एकाच जागी गरगरत राहतो. अँफिडिनियम चपटा, लंबगोल असतो आणि शांतपणे घसरत पुढे जातो. त्याचा थर फारसा चिकट नसतो, वाळूवर तपकिरी भुकटी पसरल्यासारखा दिसतो, म्हणून लोक त्याला डायटम समजून महिनोन्‌महिने वाट बघत बसतात. खरे डायटम कडक कवचाचे असतात, होडीसारखे किंवा काडीसारखे. सायनोमध्ये वेगळ्या पेशी दिसतच नाहीत, नुसता धाग्यांचा गुंता दिसतो.

आता डायनोच निघाले असं धरून सांगतो. फॉस्फेट शोषणारं माध्यम काढा, पाणी बदलणं थांबवा, जीवाणू वाढवायला साखर-व्हिनेगरसारखा कार्बन डोस चालू असेल तर तोही बंद करा. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएम इथपर्यंत हळूहळू चढवा आणि तिथेच टिकवा. नुसतं खाणं वाढवून हे क्वचितच जमतं, त्यासाठी टाकीसाठीचे तयार नायट्रेट आणि फॉस्फेटचे डोस वापरा. सुरुवातीला फॉस्फेट टाकला की दुसऱ्या दिवशी परत शून्य दिसेल, कारण कोरडे दगड तो शोषून घेतात. घाबरून एकदम मोठा डोस देऊ नका. रोज मोजा, रोज थोडा द्या. दगड भरले की आकडा टिकायला लागतो. याच काळात जुन्या, निरोगी टाकीतला दगडाचा तुकडा किंवा मूठभर वाळू मिळाली तर जरूर घाला, कारण स्पर्धक जीव कुठून तरी यायला हवेत.

ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगायला लागतो, म्हणून त्याच्यावर यूव्ही (अतिनील) दिवा, म्हणजे त्याच्याजवळून जाणाऱ्या पाण्यातले तरंगते जीव मारणारा दिवा, उत्तम चालतो. पाणी थेट मुख्य टाकीतून घेऊन तिथेच परत सोडा आणि प्रवाह संथ ठेवा. अँफिडिनियम रात्री वाळूतच शिरतो, त्यामुळे त्याच्यावर यूव्हीचा पैसा वाया जातो. तिथे अनेकजण मोजून-मापून सिलिकेट (डायटमच्या कवचाला लागणारं द्रव्य) देतात आणि मुद्दाम डायटम वाढू देतात, म्हणजे जागा डायटम घेतात. एका तपकिरी थराच्या बदल्यात दुसरा, हे सुरुवातीला पचत नाही. पण डायटम गोगलगायी खातात, डायनो खाल्ले तर त्यांच्यातल्या विषाने त्या मरू शकतात. तुमच्या गोगलगायी बहुधा याच विषाने जात असाव्यात, म्हणून नव्या आणू नका आणि पाण्यातलं विष शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवा. तीन दिवस पूर्ण अंधार केला की वाळू पांढरी दिसते, पण पोषक द्रव्यं शून्यावरच असतील तर थर हमखास परततो.

लालसर-जांभळी, चादरीसारखी अख्खी सोलून निघणारी साय असेल तर ती सायनो. ती सायफनने ओढा, त्या कोपऱ्यात पाण्याचा प्रवाह वाढवा, साचलेला गाळ काढा. प्रतिजैविक असलेली औषधं शेवटी, आणि तीही हवेचा पंप जोरात चालू ठेवून, कारण पाण्यातला ऑक्सिजन उतरतो. डायटम निघाले तर चिंताच नको. आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य आहे का बघा, सेरिथ गोगलगायी सोडा आणि थांबा.

वाळूचा थर जाड असेल तर स्वच्छतेच्या भरात ती खोलवर ढवळू नका. खाली ऑक्सिजन नसतो, तिथला हायड्रोजन सल्फाइड एकदम वर आला तर मासे मरू शकतात. वरची बोटभर वाळूच हाताळा.

स्वतःचीही काळजी घ्या. 2005 च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिस फोफावला, तेव्हा नुसत्या समुद्राच्या तुषारांनी सुमारे 200 जणांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन उपचार घ्यावे लागले. तुमची टाकी त्यामानाने लहान आहे, तरी सायफन तोंडाने ओढू नका, हातमोजे घाला, आणि हातावर जखम असेल तर ते काम दुसऱ्या कुणाला सांगा.

गाळणीची चाचणी करून बघा आणि मायक्रोस्कोपमधून मोबाईलवर छोटा व्हिडिओ घेता आला तर इथे टाका. पेशी फिरतेय की घसरतेय एवढं दिसलं तरी जात सांगता येईल, मग यूव्ही घ्यायचा की सिलिकेट ते ठरवू.