ढेबेवाडी खोऱ्यातली डुकरं आणि बोल्ट-ॲक्शन रायफल: .३१५ की .३०-०६?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ढेबेवाडी खोऱ्यात सहा एकर रान, त्यात भुईमूग आणि ऊस. डुकरांचा कळप आठवड्यातून तीनदा येतो आणि बांधाकडच्या सऱ्या उकरून जातो. वडिलांच्या नावावर बारा बोअर (छऱ्याची, गुळगुळीत नळीची बंदूक) आहे, आता तुम्हाला स्वतःच्या नावावर रायफल हवी. टेक्सासचा मावसभाऊ म्हणतो ६.५ क्रीडमूर घे, कराडचे एक जण म्हणतात थर्टी-ओ-सिक्स (.३०-०६), आणि तुमचं मन .३१५ वर आहे. मी शिराळ्याकडचा. फौजेत सतरा वर्षं काढली आणि १९९८ पासून .३१५ बाळगून आहे. माझा कल कुठं आहे ते आधीच सांगून ठेवलं, पुढचं त्या हिशोबानं वाचा.

मावसभावाचं आधी उरकून घेऊ. तो खोटं सांगत नाही, तिकडचं सांगतोय. टेक्सासात रानडुकरांना सीझन नाही, किती मारायची याला मर्यादा नाही. २०१९ पासून तर खासगी रानात मालकाची संमती असली की डुकरासाठी शिकारीचं लायसनही लागत नाही. दुकानात रेमिंग्टन ७०० नाहीतर टिक्का रायफल, आणि .२४३, .२७०, .३०८, क्रीडमूर असं मागाल ते काडतूस समोर मांडलेलं. क्रीडमूर २००७ साली निघालं ते मुळात लांब पल्ल्याच्या टार्गेटसाठी. धक्का कमी, गोळी सरळ जाते, उघड्या माळावर अडीचशे यार्डांवरच्या हरणाला उत्तम. तुमच्या रानात बांधापासून उसाच्या कडेपर्यंत चाळीस पावलं भरतील. आणि तो बोअर, म्हणजे त्या मापाची नळी, इथं मिळवायची कुठून? ऐंशीच्या दशकापासून साध्या लायसनदाराला बाहेरून हत्यार आणणं बंदच झालंय म्हणा. इथं जे बनतं, किंवा आजोबांच्या काळात जे येऊन पडलंय, त्यातूनच निवडायचं.

आता कायद्याचं. हे कंटाळवाणं आहे, पण तुमची निवड निम्मी इथंच होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारता येतं ते कलम ११ खाली, वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात असेल तरच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे, तरी परवानगीची ती वाट शिल्लक आहे. अभयारण्याच्या हद्दीत ही वाट धरायचीच नाही. आणि परवानगीनं मारलेलं जनावर सरकारचं, हे नीट ध्यानात घ्या. गावात पोरं म्हणतील, ‘आबा, वाटा घालूया.’ घालायचा नाही. मटणाच्या वाट्यापायी चांगल्या घरची माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना मी बघितलीत.

दुसरी गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. त्याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. तुमच्या एका अंगाला कोयना, दुसऱ्या अंगाला चांदोली, आणि २०१० पासून दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. गट नंबर घेऊन वनखात्याच्या कार्यालयात जा आणि हद्दीपासून अंतर किती ते आधी बघून या. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात वर्षभर पडून राहिला आणि मग हे कळलं, तर चरफडण्याशिवाय काही हाती राहत नाही.

शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी हक्कानं मिळते ती ठासणीची बंदूक. ती पुरत नाही हे अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे आपली बारा बोअर. रायफलीला ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. त्यामुळं वडिलांच्या बारा बोअरला कमी लेखू नका. वडिलांनी सत्तरी गाठली असेल किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्यांच्याकडं असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ते तुमच्या नावावर करून घेण्याचा अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे बारा बोअर आणि एक रायफल यात तुमचा कोटा संपला. एकच रायफल घेता येणार असेल तर चुकीची घेऊन चालणार नाही.

बरं, आता बोअर. .३०३ आणि ७.६२ प्रोहिबिटेड, म्हणजे साध्या परवान्यावर मिळत नाहीत, ते डोक्यातून काढा. राहतात मुख्यतः .३१५ आणि .३०-०६.

.३१५ चा जन्मच मजेशीर आहे. इंग्रजांना लष्करी बोअर लोकांच्या हातात जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून जुन्या ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर मानलिकर काडतुसाला इथं .३१५ म्हणून चालवलं, आणि बंगालमधल्या ईशापूरच्या बंदूक कारखान्यानं ते जुन्या इंग्रजी ली-एनफिल्ड रायफलीच्या ढाच्यावर बसवलं. म्हणजे फौजेतली जुनी थ्री-नॉट-थ्री ज्यानं हाताळलीय त्याला बोल्ट (मागंपुढं करून काडतूस चढवायचा दांडा) ओळखीचा लागतो. गोळी २४४ ग्रेनची, साधारण पावणेसोळा ग्रॅम, सॉफ्ट नोज म्हणजे मऊ टोकाची, आणि चालीनं मंद. शंभर यार्डांवर झिरो केली, म्हणजे नेम तिथं जुळवला, तर दोनशेला वीतभराहून जास्त खाली उतरते. .३०-०६ अमेरिकेचं १९०६ सालचं काडतूस. गोळी दीडशे ते एकशे ऐंशी ग्रेन, वेग बराच जास्त, दोनशे यार्डांना चार बोटं उतरते. कागदावर तीच सरस, त्यात वाद नाही.

पण डुकराचं शरीर बघा. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड कातडी आणि कुर्च्याची ढालच असते, काळीज खाली आणि पुढच्या पायांच्या मागं लपलेलं. तिथं पन्नास यार्डांवर जड, मंद आणि पसरणारी गोळी जे काम करते ते पुरेसं आहे. वेगवान गोळीचा फायदा ज्या अंतरावर दिसायला लागतो, तेवढं अंतर तुमच्या खोऱ्यात मोकळं सापडणारच नाही. आणि .३०-०६ मागं मारते. हलकी रायफल असेल तर जास्तच. वर्षाला वीस-पंचवीस गोळ्या झाडणारा माणूस धक्क्याला घाबरायला लागला की ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटतो. मग नेम काय राहणार!

त्याहून मोठी गोष्ट काडतुसांची. रायफल एकदा घेतली की झालं, काडतुसं दरवर्षी लागतात. परवाना निघायच्या आधीच पुणे-कोल्हापूर-सांगलीच्या तीन-चार डीलरांना फोन करून एवढंच विचारा, की या महिन्यात .३१५ किती आहेत आणि .३०-०६ किती. माझ्या अनुभवात .३१५ ला ‘या’ म्हणतात आणि .३०-०६ ला ‘नंबर देऊन ठेवा’. माझ्या एका स्नेह्यानं जुनी .२७५ रिग्बी घेतली, जिम कॉर्बेटकडं होती त्या बोअरची. हौस म्हणून देखणी चीज. त्याच्याकडं नऊ काडतुसं आहेत आणि तो ती मोजत बसतो.

माझं उत्तर .३१५. पण ती हातात घेऊन, तपासून. ईशापूरच्या सगळ्याच रायफली एकसारख्या निघत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. एकाच खेपेतल्या दोन बघितल्या, एकीचा बोल्ट लोण्यासारखा आणि दुसरीचा वाळू घातल्यासारखा.

दुकानात रिकामी आहे याची खात्री करून खांद्याला लावा, डोळे मिटून. मग उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप बसलेली दिसली पाहिजे. मान वाकवून शोधावी लागली तर बट (खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता) तुमच्या मापाचा नाही. बट कोपराच्या बेचक्यात ठेवला तर बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर यावं. आणि हे शर्टावर बघू नका. डुकरं भुईमुगाला येतात तेव्हा पहाटेची थंडी असते, अंगात जाड स्वेटर, वरून घोंगडं. तेवढ्यानं बट दोन बोटं लांब होतो. लांब असेल तर सुतार कापून देईल, आखूड असेल तर रबरी पॅड.

बोल्ट चालवताना एक फरक कळेल. या ॲक्शनमध्ये स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढं ढकलताना, माउझर जातीच्या रायफलीत बोल्ट उचलताना. म्हणून हिचा हात थोडाच उचलावा लागतो आणि खांद्यावरून न काढता दुसरी गोळी चढते. मात्र बोल्ट अर्धवट, भीतभीत ढकलायचा नाही.

आता मॅगझिन, आणि इथं माझी फजिती ऐका. .३१५ च्या काडतुसाला मागं कडा असते, रिम. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या पुढं बसली पाहिजे. मागं बसली तर वरचं काडतूस पुढं सरकताना खालच्याला अडकतं आणि बोल्ट जाम. पहिल्याच वर्षी, परवानगीचा कागद खिशात, बांधावर तीन तास बसलोय, कळप समोर आला. एक गोळी मातीत गेली, बोल्ट ओढला, ढकलला, आणि अडकला. फौजेत उमेदवारी केलेला माणूस मी! तिथं क्लिपनं भरायची सवय, इथं अंधारात सुटी काडतुसं घाईनं कोंबलेली. तेव्हापासून पाचच्या जागी तीनच भरतो, एकेक, रिम बोटानं चाचपून. .३०-०६ ला ही भानगड नाही, तेवढा गुण तिला द्यायलाच हवा.

दुर्बीण? या ढाच्यावर बसवायला बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाला भोकं पाडून माउंट लावावं लागतं, आणि ते काम बिघडवणारेच जास्त. साठ यार्डांच्या आत उघडी साइट आणि नळीखाली नीट बांधलेली टॉर्च पुरते. पैसे वाचले तर काडतुसांवर घाला आणि एखाद्या रायफल क्लबच्या रेंजवर जाऊन पन्नास यार्डांवर तीन-तीनचे गट मारा. बशीच्या आत तीन पडेपर्यंत रानात जायचं नाही.

आणि रायफल घ्यायच्या आधी रान बघा, खरंच. छर्रा थोड्या अंतरावर दम तोडतो. रायफलीची गोळी चुकली तर तीन किलोमीटरच्या पुढंही जाऊ शकते. आपल्याकडं शेतीची लाइट रात्रीची. मध्यरात्री माणसं पाणी पाजायला उसात उभी असतात, आणि बॅटरी संपू नये म्हणून तीही विझवलेली. दोन हजार बाराच्या सुमारास माझ्यासमोर पंचेचाळीस पावलांवर मोठा नर आडवा उभा होता. ट्रिगरची पहिली ढिलाई घेतलेली. त्याच्या मागं, वरच्या वावरात, बिडीचा लाल ठिपका हलला. आमचाच वाटेकरी, पाण्याचं दार मोडायला आलेला. मी बोल्ट उघडला, काडतूस काढून खिशात घातलं आणि घरी आलो. त्या रात्री भुईमुगाच्या चार सऱ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आठ फुटांचा माचा बांधला, गोळी वरून खाली मातीत जावी म्हणून. तुमच्या रानाला उतार आहे. डुकराच्या मागं डोंगराची चढण येईल अशी जागा दोन्हीकडं मिळते का बघा. मिळत नसेल तर रायफलीचा विचार सोडा. वडिलांची बारा बोअर, सौर कुंपण आणि नुकसानीचा पंचनामा यावर भागवा, त्यात कमीपणा नाही.

जुनी रायफल मिळत असेल तर एक सांगतो. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करायला लावतात. माझी एकदा ऐन पावसाळ्यात अडीच महिने राहिली आणि परत आली ती नळीत तांबडी होऊन. तेल घालून दिली होती, पण कापडी खोळीत, आणि खोळीनं ओल धरली. तेव्हापासून खोळीशिवाय, घट्ट तेल लावूनच देतो आणि पावतीवर ‘नळी स्वच्छ’ लिहून घेतो. विकायला आलेल्या बहुतेक हत्यारांनी अशा चार-पाच निवडणुका काढलेल्या असतात. म्हणून बघायला जाताना पांढरी चिंधी आणि छोटी बॅटरी न्या. बोल्ट काढा, मागून उजेड पाडा, पुढून बघा. आटे, म्हणजे नळीतल्या पेचदार रेषा, धारदार, चकचकीत दिसले पाहिजेत. मग चिंधी गजानं आरपार काढा. काळी निघाली तर चालेल, तो धूर आहे. तांबूस निघाली, किंवा मध्येच कुठं अडखळून दोरा सुटला, तर किंमत विचारूच नका, चहा पिऊन निघा.