तीच चिठ्ठी, दर महिन्याला वेगळं बिल: गोळ्यांचा खर्च आटोक्यात कसा आणायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर निपाणीजवळच्या गावात, आईला बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या कायमच्या गोळ्या. चिठ्ठी तीच, पण बिल कधी 1,800 तर कधी 2,500 च्या घरात. कोल्हापुरात स्वस्त मिळतात म्हणतात ते खरं का, आणि हा खर्च कमी कसा करायचा?

मी बेळगावात शहापूरला मेडिकलच्या काउंटरवर बरीच वर्षं काढलीत. आता वडिलांच्या गोळ्या घ्यायला काउंटरच्या अलीकडे उभा असतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकतो.

आधी कोल्हापूरचा विषय संपवू. पट्टीवर छापलेली एमआरपी देशभर एकच असते. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी टोलनाका ओलांडला म्हणून ती बदलत नाही. बदलते ती सूट. कोल्हापुरात दुकानं जास्त, चढाओढ जास्त, म्हणून दहा-पंधरा टक्के न मागता सोडतात. निपाणीत, चिकोडीत तेवढीच सूट मागितल्यावर मिळते, कारण महिन्याचं नक्की गिऱ्हाईक कुणालाच घालवायचं नसतं. कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर दवाखान्यात किंवा मिरजेला दाखवायला जाणारच असाल तर येताना जरूर घ्या. नुसत्या गोळ्यांसाठी गाडीभाडं घालून जाणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता बिल का हलतं ते. घरातल्या रिकाम्या पट्ट्या फेकू नका, दोन-तीन महिन्यांच्या शेजारी शेजारी ठेवून बघा. वर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं, ते सोडून द्या. त्याखाली बारीक अक्षरात खरं औषध आणि किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं: टेल्मिसार्टन 40, मेटफॉर्मिन 500, ॲटोर्वास्टॅटिन 10, असं. मग मागच्या बाजूला बॅच नंबर, एक्स्पायरी आणि किंमत. बहुतेक घरांत असं दिसतं की बारीक ओळ तीच आहे आणि वरचं नाव बदललंय. दुकानात तो माल नव्हता, म्हणून दुसऱ्या कंपनीचा दिला. खरं तर चिठ्ठीत कंपनीचं नाव असताना डॉक्टरांना न विचारता असं बदलून देणं नियमात बसत नाही, पण सर्रास चालतं. दुसरी गोष्ट पट्टीतल्या गोळ्यांची. एका कंपनीची पट्टी दहाची, दुसरीची पंधराची, तिसरीची चौदाची. चौदाच्या तीन पट्ट्या घेतल्या की बारा गोळ्या उरतात, ते बिल फुगतं आणि पुढचं उतरतं. म्हणून पट्टीचा भाव बघू नका, एका गोळीचा काढा. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरे.

किमती खरोखर वाढतातही. आवश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे, 2022 ची यादी 384 औषधांची. यादीतल्या औषधांना केंद्राचं औषध किंमत प्राधिकरण कमाल भाव बांधून देतं, आणि दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे तो हलवायला मुभा असते. 2022 मध्ये ही मुभा 10.77 टक्के होती, 2023 मध्ये 12.12 टक्के. 2024 मध्ये जवळजवळ शून्य, 2025 मध्ये पावणेदोन टक्क्यांच्या आत. म्हणजे पहिली दोन वर्षं लोकांनी जी ओरड केली ती खरीच होती. यादीबाहेरच्या औषधांवर कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, आणि वाढवते. दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या जोडगोळ्या बहुतेक यादीबाहेर असतात. जोडगोळी वाईट नाही, आईला एकच गोळी घ्यायची सोय होते. पण सुट्या दोन घेतल्या तर किती पडतं हे एकदा डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. उलट बाजूची एक बातमी: 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. बिलावर 5 टक्केच लावलाय ना ते बघा.

सगळ्यात जास्त पैसे कुठे वाचतात ते आता सांगतो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. शुगरची काही नवी औषधं पेटंटखाली असायची, एकाच कंपनीची, म्हणून महाग. ती पेटंटं एकेक करून संपली. व्हिल्डाग्लिप्टिनचं 2019 च्या शेवटी, सिटाग्लिप्टिनचं 2022 मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये. या शेवटच्या औषधाची गोळी आधी 60 रुपयांच्या आसपास होती; पेटंट संपल्यावर पाच-पन्नास कंपन्या उतरल्या आणि भाव दहा रुपयांच्या आसपास आला. पण चिठ्ठी जर 2023 मध्ये लिहिलेली असेल आणि तुम्ही तीच दर महिन्याला दुकानात दाखवत असाल, तर तुम्हाला अजून जुन्या महाग कंपनीचीच गोळी मिळतेय. दुकानदार कशाला सांगेल? मी काउंटरवर होतो तेव्हा आम्हाला तसं सांगायची मुभा नव्हती, मालकाचं गणित वेगळं होतं. आईच्या चिठ्ठीत यातलं काही आहे का ते आज बघा.

मग डॉक्टरांकडे जा आणि आडवळणाने न बोलता विचारा: "डॉक्टर, हा खर्च झेपत नाही. हेच औषध कमी भावाच्या कंपनीचं चालेल का? चिठ्ठीत कंपनीचं नाव न घालता औषधाचं नाव लिहून देता का?" आपल्याकडे लोक डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसतात आणि मग घरी येऊन एक दिवसाआड गोळी घेतात. ते फार वाईट. एकदा विचारलेलं बरं, बहुतेक डॉक्टर लगेच लिहून देतात.

औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी हातात आली की जनऔषधी केंद्र, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान, गाठा. टेल्मिसार्टन 40 ची गोळी नामांकित कंपनीची सात रुपयांच्या आसपास पडते, तिथे दीड रुपयाच्या आसपास. 'जनऔषधी सुगम' हे ॲप घेतलं तर जवळचं केंद्र आणि भाव दोन्ही दिसतात. अडचण एकच: एखादं औषध आठवडाभर येतच नाही. म्हणून गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधी जा, शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका. 2025 मध्ये कर्नाटक सरकारने सरकारी दवाखान्यांच्या आवारातली केंद्रं बंद करायचा आदेश काढला होता, त्यावर हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात स्थगिती आली. तेव्हा जायच्या आधी केंद्र उघडं आहे ना ते फोनवर विचारा.

जनऔषधी आणि दुकानातलं 'जेनेरिक' यांत गल्लत करू नका. काही दुकानांत 'जेनेरिक, अर्ध्या किमतीत' म्हणून देतात. त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर एमआरपीच फुगवून छापलेली असते. समजा 100 छापलंय, दुकानात ती 25 ला आलीय, तुम्हाला 50 ला मिळते आणि तुम्ही खूश. औषध खोटं नसतं, पण सूट खोटी असते. परत तेच, एका गोळीचा भाव काढा आणि जनऔषधीशी ताडून बघा.

बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या तालुका दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकटही मिळतात. बोर्ड कन्नडमध्ये असतात, आईला वाचता येत नसतील तर पहिल्या खेपेला कुणीतरी बरोबर जा. एकदा कार्डावर नाव चढलं की पुढे सोपं जातं. सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले योजना लागू केली आहे, आणि इकडे बीपीएल कार्डावर आयुष्मान आहे, पण दोन्ही मुख्यतः दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी. महिन्याच्या गोळ्यांचं बिल त्यातून निघत नाही, त्या आशेवर राहू नका.

आता कंपनी बदलताना एक काळजी, आणि ही पैशांपेक्षा मोठी. म्हातारी माणसं गोळी रंगावरून आणि आकारावरून ओळखतात. जुनी पट्टी अर्धी शिल्लक, नवी कंपनी आली, गोळी गुलाबीची पांढरी झाली; त्यांना वाटतं ही वेगळी, आणि दोन्ही घेतात. बीपीची गोळी दुप्पट गेली की सकाळी उठताना चक्कर. काउंटरवर अशा घरांची माणसं घाबरून येताना मी पाहिलीत. नवी पट्टी घरात आली की जुनी उचलून ठेवा, आणि पट्टीवर मार्करने मराठीत लिहा: 'बीपी, सकाळी', 'शुगर, जेवणाआधी'. एसआर लिहिलेली शुगरची गोळी पैसे वाचवायला अर्धी तोडू नका, ती हळूहळू विरघळावी म्हणूनच तशी बनवलेली असते.

आणि काही औषधांत कंपनी सारखी बदलायचीच नाही: थायरॉईडची गोळी, फिट्सची, रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन. यांत थोडा फरकही अंगावर येतो. बदलायचीच झाली तर डॉक्टरांना सांगून, आणि नंतर तपासणी करून.

तुम्ही आईच्या पट्ट्यांवरच्या बारीक ओळी इथे खाली लिहा, कंपनीचं नाव नको, नुसतं औषध आणि मिलिग्रॅम. कुठली गोळी यादीत आहे आणि कुठल्या गोळीत तुमचे पैसे जाताहेत ते बघून सांगतो.