प्रवर्तकांचे 58 टक्के आणि आपले 900 समभाग

प्रश्न : मी नौपाड्यात राहणारा निवृत्त बँक कर्मचारी आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या एका मोठ्या कंपनीचे 900 समभाग माझ्या डीमॅट खात्यात आहेत. प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनीवर ताबा असणाऱ्यांच्या, कुटुंबाची तोट्यातील खासगी कंपनी विकत घेण्याचा ठराव वार्षिक सभेपुढे येत असून स्वतंत्र (प्रवर्तकांशी संबंध नसलेल्या) संचालकांनी त्याला मान्यता दिली आहे. प्रवर्तकांकडे 58 टक्के समभाग असताना माझ्या मताचा उपयोग काय? या संचालकांना काढता येईल का?

उत्तर : आपण सोबत पाठवलेल्या सभेच्या सूचनेत (नोटिशीत) हा ठराव ‘मटेरियल रिलेटेड पार्टी ट्रान्झॅक्शन’, म्हणजे संबंधित पक्षाशी होणारा मोठा व्यवहार, म्हणून मांडलेला आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर याच शब्दांत दडलेले आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या सूचीबद्धतेविषयक (बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठीच्या) नियमावलीतील नियम 23 नुसार अशा ठरावाच्या बाजूने कोणत्याही संबंधित पक्षाला, तो त्या व्यवहारात प्रत्यक्ष सहभागी असो वा नसो, मत देता येत नाही. प्रवर्तक हे संबंधित पक्ष असल्याने ते 58 टक्के या ठरावाच्या पारड्यात पडणारच नाहीत. निर्णय उरलेल्या 42 टक्क्यांपैकी जे मतदान करतील त्यांच्या साध्या बहुमताने होईल. लहान भागधारकांपैकी पुष्कळजण मतदानच करत नाहीत, त्यामुळे जे करतात त्यांच्या मताचे वजन वाढते. ठाणेकरांना परिचित असलेल्या रेमंड कंपनीत 2017 साली मुंबईतील जे. के. हाऊसमधील सदनिका प्रवर्तक कुटुंबीयांना बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने विकण्याचा ठराव भागधारकांनी प्रचंड बहुमताने फेटाळला होता. नेस्ले इंडियाचा मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी वाढवण्याचा ठरावही 2024 मध्ये असाच नामंजूर झाला.

म्हणून कट-ऑफ तारखेला, म्हणजे मताधिकार ज्या दिवसाच्या नोंदीवरून ठरतो त्या दिवशी, समभाग आपल्या खात्यात राहू द्या आणि सूचनेत दिलेल्या मुदतीत ई-व्होटिंग करा. एकदा दिलेले मत बदलता येत नाही, तेव्हा त्याआधी सूचनेसोबतचे स्पष्टीकरणात्मक निवेदन नीट वाचा. मूल्यांकन कोणी केले, कोणत्या पद्धतीने केले आणि तोट्यातील कंपनीच्या भावी नफ्याबद्दल काय गृहीत धरले, हे तीन प्रश्न कंपनी सचिवांना ई-मेलने विचारा आणि सभेत बोलण्यासाठी वक्ता म्हणून मुदतीत नावही नोंदवा.

स्वतंत्र संचालकांबद्दलचा आपला संताप मला समजतो. असे व्यवहार लेखापरीक्षण समितीतील फक्त स्वतंत्र संचालकांनीच मंजूर करायचे असतात. इतका विश्वास कायद्याने ज्यांच्यावर टाकला त्यांनी मान डोलावण्यावर थांबणे ही गंभीर बाब आहे. 16 डिसेंबर 2008 रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाने, स्वतंत्र संचालकांसह, प्रवर्तक राजू कुटुंबाशी निगडित मेटास कंपन्या घेण्याचा निर्णय केला होता, आणि तो काही तासांत मागे घ्यावा लागला तो गुंतवणूकदारांच्या रोषामुळे. तरीही आपल्या कंपनीच्या स्वतंत्र संचालकांना काढणे आपल्याला अवघड जाईल, कारण सूचीबद्ध कंपनीतील स्वतंत्र संचालकाला हटवण्यासाठी विशेष ठराव, म्हणजे तीन-चतुर्थांश मते, लागतात, त्यात प्रवर्तकांची मते मोजली जातात, आणि कंपनी कायद्याच्या कलम 100 खाली सभा बोलावण्याची मागणी करायलाही मताधिकार असलेल्या भांडवलाचा एक-दशांश हिस्सा हवा. त्यापेक्षा त्यांच्या फेरनियुक्तीची वेळ पाहा : तिलाही विशेष ठराव लागतो, आणि त्याला तीन-चतुर्थांश मते मिळाली नाहीत, तर फेरनियुक्ती होत नाही.

ठराव मंजूर झालाच आणि मूल्यांकनात खोटेपणा असल्याचा पुरावा हाती आला, तर कलम 245 खाली किमान 100 सभासद एकत्र येऊन राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे सामूहिक अर्ज करू शकतात. निव्वळ संशयावर मात्र हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवंगत वडिलांच्या नावे आणखी कागदी समभाग असल्याचे आपण ओघात लिहिले आहे. ते वारसाहक्काने आपल्या नावे होईपर्यंत त्यांवर आपल्याला मत देता येणार नाही. कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (समभागांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) मृत्यूदाखल्यासह तो अर्ज आजच द्यावा.